रेडिओतली खर्रर्र येते कुठून? घरच्या हॅम स्टेशनमधला इंटरफेरन्स शोधताना

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे', 'अॅक्च्युअली' आणि खालच्या रिक्षाचा हॉर्न कापलाय. बाकी सगळं जसंच्या तसं. जिथे आवाज ऐकवले होते, तिथे कंसात लिहिलंय.)

आज सुरुवातीलाच एक आवाज ऐकवतो. हेडफोन असेल तर व्हॉल्यूम जरा कमी करा.

(आवाज: जाडसर, सलग घोंघावणं, त्याच्यामागे अगदी पुसट माणसाचं बोलणं)

मागे कुणीतरी बोलतंय, ते कळलं? नाही ना. ते बोलणं ७ मेगाहर्ट्झवरचं आहे, म्हणजे हॅम लोक ज्याला ४० मीटर बँड म्हणतात तिथलं. बोलणारा माणूस चारशे-पाचशे किलोमीटरवर असेल. आणि जो आवाज त्याला खाऊन टाकतोय, तो एका फोनच्या चार्जरएवढ्या डबीतून येतोय. ही डबी रिसीव्हरपासून तीन मीटरवर होती.

मागच्या दोन-तीन भागांनंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की परीक्षा दिली, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगकडून लायसन्स आलं, जुना सेट घेतला, गच्चीवर वायर ताणली, आणि आता ऐकू काय येतं तर फक्त खरखर. मग पुढचा प्रश्न ठरलेला: 'अँटेना बदलू का?' थांबा. एक रुपया खर्च करायच्या आधी निदान करायचं. आजचा भाग त्याच्यावर.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय हा त्रास किती मोठा आहे ते कळत नाही. रेडिओवर जो एस मीटर असतो, त्यात एक घर म्हणजे ६ डेसिबल. एस ९ म्हणजे एचएफवर रिसीव्हरच्या तोंडाशी ५० मायक्रोव्होल्ट. आता समजा तुमच्याकडे काहीच सिग्नल नसताना सुई एस ९ वर बसलेली आहे. याचा अर्थ एस ९ पेक्षा कमजोर जे काही आहे ते तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही. गावाबाहेर शेतात हीच सुई एस ३ वर असू शकते. फरक सहा घरांचा, म्हणजे ३६ डेसिबल, म्हणजे पॉवरमध्ये जवळजवळ ४००० पट. समोरच्या माणसाने २५ वॅटचे १०० वॅट केले तर तुमच्याकडे फक्त एक घर वाढतं. त्यामुळे नॉइज दोन घरं खाली आणली तर जगातल्या प्रत्येक हॅमने तुमच्यासाठी पॉवर १६ पट केल्यासारखं आहे. आणि तेही फुकट.

कुणी म्हणेल, हौसेचा मामला आहे, नाही ऐकू आलं तर काय बिघडलं? २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरलाच होते. व्हीयू४आरबीआय हा त्यांचा कॉलसाइन. गेले होते ते हौसेच्या मोहिमेसाठी, पण बाकीचा संपर्क तुटला आणि अंदमानातून बातमी बाहेर काढायचं काम या स्टेशनवर येऊन पडलं. अशा वेळी पाठवणाऱ्याकडे जनरेटर असतो, घाईत बांधलेली अँटेना असते, सिग्नल कमजोर असतो. तो आपल्याला ऐकू येणार की नाही, हे आपल्या घरातल्या नॉइजवर ठरतं.

आता हा आवाज बनतो कसा ते बघू. पूर्वीच्या अडॅप्टरमध्ये लोखंडाचा जड ट्रान्सफॉर्मर असायचा. आता सगळीकडे एसएमपीएस आहे, स्विचिंग सप्लाय. तो २३० व्होल्टचं आधी डीसी करतो आणि मग ते डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. समजा ६५ किलोहर्ट्झला करतो, हा आकडा लहान सप्लायमध्ये बराच दिसतो. चालू-बंद जितकं झटकन, तितके त्याचे हार्मोनिक्स लांबपर्यंत जातात: १३०, १९५, २६० किलोहर्ट्झ, असे पुढे पुढे. त्याचा १०८ वा हार्मोनिक पडतो ७.०२० मेगाहर्ट्झवर. (हो, १०८. जपमाळेसारखा न चुकता येतो.) पुढचा ७.०८५, त्याच्या पुढचा ७.१५०. म्हणजे आपल्याकडे ७.० ते ७.२ एवढाच जो बँड मिळतो, त्यात एकाच चार्जरच्या तीन रेघा. शिवाय चार्जर तापला, मूळ वारंवारता १०० हर्ट्झने सरकली, तर १०८ वा हार्मोनिक जवळजवळ ११ किलोहर्ट्झ सरकतो. म्हणून वॉटरफॉलवर या रेघा सरळ नसतात, नदीसारख्या वळत जातात. एकदा ओळखल्या की परत विसरत नाही.

चांगल्या सप्लायमध्ये हे बाहेर पडू नये म्हणून आत फिल्टर असतो: एक दुहेरी गुंडाळीचा चोक आणि दोन-चार कपॅसिटर. स्वस्त डबी उघडली की बोर्डावर त्यांच्या जागा छापलेल्या दिसतात, पण पार्ट नसतात. चोकच्या जागी सरळ वायरचा तुकडा. दहा-वीस रुपये वाचवले. (उघडायची तर बिघडलेली आणि केव्हाच प्लगमधून काढलेली उघडा. आतला मोठा कपॅसिटर बराच वेळ झटका देऊ शकतो.)

अजून एक मुद्दा, जो मला तरी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ती डबी स्वतः एवढीशी आहे, ती ७ मेगाहर्ट्झला फार काही रेडिएट करू शकत नाही. ४० मीटर बँडचा डायपोल २० मीटर लांब लागतो, त्याच्यापुढे ही डबी कोण? पण तिला जोडलेलं आहे घरातलं सगळं वायरिंग. तेच अँटेना बनतं. नॉइजचा करंट दोन्ही तारांमधून एकाच दिशेने वाहतो, त्याला कॉमन मोड म्हणतात. आणि तुमच्या कोॲक्सचं बाहेरचं शिल्डसुद्धा अशीच एक लांब तार आहे. त्यामुळे गच्चीवरचा डायपोल शांत जागेत असला तरी नॉइज घरातून कोॲक्सच्या अंगावरून चढत वर जातो आणि अँटेनामार्गे परत आत येतो. फ्लॅटमध्ये सोयीची म्हणून बरेच जण एंड-फेड वायर लावतात, तिला हा रोग जास्त. डायपोलच्या मधल्या टोकाला चोक बसवला की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. चोकवर येतो नंतर.

आता ओळख परेड. रेडिओ एएम मोडवर ठेवा. एफएमवर हे ऐकू नका, कारण एफएमचा लिमिटर आवाजातले चढउतार कापतो, आणि आपल्याला तेच ऐकायचे आहेत.

(आवाज: करकरीत, दाणेदार बझ)

हा विजेच्या लाइनचा. कुठेतरी ढिली क्लॅम्प, तडा गेलेला इन्सुलेटर, आणि त्या फटीत ठिणगी पडतेय. एसीच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत पडते, म्हणून सेकंदाला १०० वेळा. फोनवर स्पेक्ट्रॉइडसारखं स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप असेल तर ते रेडिओच्या स्पीकरसमोर धरा. १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींवर खांब उभे दिसले तर मेन्सशी संबंध आहे हे नक्की. तेवढ्यावरून लाइनच म्हणता येत नाही, काही अडॅप्टरही तसाच बझ देतात. पण ठिणगीचा आवाज रेघारेघांचा नसतो, सगळ्या बँडवर सारखा पसरलेला असतो.

(आवाज: टक्... टक्... टक्...)

हा शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी ओळखला असेल. पैठण रोड, बीड बायपासच्या पलीकडे, जिथे शेतं सुरू होतात. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन. साधारण सेकंदाला एक ठोका. कुंपणाच्या तारेला गवत टेकलं किंवा जोड ढिला झाला की तिथे ठिणगी पडते आणि प्रत्येक ठोका रेडिओत येतो.

सकाळी ऊन आलं की सुरू आणि संध्याकाळी बंद, असं असेल तर वर बघा, सोलर. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून गच्च्यांवर पॅनल झपाट्याने वाढलेत. पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या लांब डीसी तारा म्हणजे आयती अँटेना. ढग आला की नॉइजचा सूर बदलतो, ही त्याची खूण. मी सोलरच्या विरोधात अजिबात नाही, पण केबल बसवताना प्लस आणि मायनस जवळजवळ, शक्यतो पीळ देऊन न्यायला सांगा. मध्ये मोठा चौकोन सोडून नेल्या की झाली लूप अँटेना.

बीएलडीसी पंखा स्पीड बदलला की सूर बदलतो. ई-स्कूटरचा चार्जर रात्री दहाला सुरू होऊन पहाटे बंद होतो. म्हणून यंत्रं हातात घेण्याआधी दोन-तीन दिवस वहीत वेळ लिहा. कधी चालू झाला, कधी बंद, एस मीटर किती, हवा कशी. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही लॉग बघितल्याशिवाय कोडला हात लावत नाही, तसंच.

आता मुख्य टेस्ट. तुमचा सेट बॅटरीवर घ्या. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी नुसतं ऐकायला तासभर सहज पुरते. मग घराचा मेन बंद करा आणि सुई बघा.

परदेशातल्या सगळ्या व्हिडिओंमध्ये ही टेस्ट इथे संपते: सुई पडली तर दोष घरात, नाही पडली तर बाहेर. आपल्याकडे इथेच गोची आहे. आपण मेन बंद केला की काय होतं? इन्व्हर्टर चालू होतो! भारनियमनाच्या दिवसांपासून निम्म्या घरांत तो आहेच. आणि तो स्वतः, खासकरून जुना स्क्वेअर वेव्हवाला, जबरदस्त नॉइज देतो. म्हणजे तुम्ही मेन बंद केला, नॉइज तसाच, किंबहुना वाढला, आणि तुम्ही ठरवलं की दोष बाहेरचा आहे. मग महिनाभर खांब हिंडत बसा. तेव्हा इन्व्हर्टर त्याच्या स्विचने पूर्ण बंद करायचा. त्याशिवाय राउटरला लावलेला छोटा मिनी यूपीएस बंद करायचा, तो बॅटरीवर चालूच राहतो आणि आत स्विचिंग सर्किटच असतं. लॅपटॉप बंद. चार्जरला लावलेला फोनही काढा. घर खरंच मेलं पाहिजे.

घरात आजी-आजोबा असतील, कुणाचं ऑक्सिजन मशीन किंवा दुसरं काही चालू असेल तर ही टेस्ट त्यांना विचारून, त्यांच्या सोयीने. फ्रीज अर्ध्या तासात काही बिघडत नाही.

घर शांत केल्यावर सुई पडली, तर गुन्हेगार घरात आहे. आता शोधायचा कसा? इंजिनिअरला वाटतं बायनरी सर्च: अर्धे एमसीबी बंद, अर्धे चालू. गिट बायसेक्ट ज्यांना माहीत आहे त्यांना लगेच पटेल. पण बायसेक्ट चालतं ते बग एकच असतो तेव्हा. इथे बग पाच-सहा असतात आणि ते एकमेकांना झाकतात. दोन सारख्या ताकदीचे चार्जर असतील आणि एक काढला, तर नॉइज फक्त ३ डेसिबल कमी होते. म्हणजे एस मीटरचं अर्धं घर. सुई हलली की नाही कळतसुद्धा नाही. तीन सारखे असतील तर एक काढल्यावर दोन डेसिबलही पडत नाही. माणूस एकेक प्लग काढतो, बघतो, 'हा नाही' म्हणून परत लावतो, पुढचा काढतो. असं सगळं घर फिरून निष्कर्ष काय, तर घरात काहीच नाही!

म्हणून उलटं करा. सगळं बंद करून सगळ्यात शांत स्थितीत या. मग एकेक वस्तू चालू करा, सुई बघा, लिहा, ती बंद करा, पुढची. शांत खोलीत कुजबुजसुद्धा ऐकू येते. या पद्धतीत प्रत्येक वस्तूचा स्वतःचा आकडा मिळतो.

सिडकोत आमच्या ओळखीचे एक काका आहेत. निवृत्त, जुने हॅम, गच्चीवर ४० मीटरचा डायपोल. रोज सकाळी ठरलेल्या लोकांशी ७ मेगाहर्ट्झवर बोलायचं, हजेरी लावायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या वर्षी नॉइज वाढत वाढत एस ९ च्या वर गेली. लोक त्यांना ऐकायचे, पण यांना कुणीच ऐकू येईना. मला म्हणाले, "अरे, नुसतं एकतर्फी बोलून काय करू? सेट विकून टाकावा म्हणतो."

रविवारी दुपारी बसलो. मेन बंद: एस ९. इन्व्हर्टर बंद: एस ८. काकूंनी आठवण केली की राउटरचे दिवे अजून लागलेत. मिनी यूपीएस काढला: एस ४. काका सेटकडे बघत राहिले, आणि मग कुणीतरी तेलुगूत बोलणारं स्पष्ट ऐकू यायला लागलं.

मग एकेक चालू करत गेलो. मिनी यूपीएस सगळ्यात वाईट. इन्व्हर्टर. बेडरूमच्या फॉल्स सीलिंगमधल्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर, हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, कारण तो दिसतच नाही. पंखा जरासा. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, ज्यांच्यावर संशय होता ते सगळे निर्दोष. ड्रायव्हर बदलला, राउटरला साधी १२ व्होल्टची बॅटरी दिली, इन्व्हर्टरच्या तारांना फेराइट. सकाळची नॉइज एस ४ वर बसली.

पण संध्याकाळी परत एस ७. साडेसहा-सातला सुरू, दहाच्या सुमारास बंद, रोज. आता हा घराबाहेरचा होता. दिवेलागणीला सुरू होतो म्हणजे दिवाच. छोटा ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यातून खाली गेलो तर एका दाराशी खरखर कडक. आत देवघरात एलईडीची माळ आणि तिचा अडॅप्टर.

इथे काकांनी जे केलं ते मला शिकण्यासारखं वाटलं. 'तुमच्या माळेमुळे माझा रेडिओ बंद पडतो' असं ते बोलले नाहीत. ट्रान्झिस्टर हातात दिला आणि म्हणाले, "वहिनी, हा जरा माळेजवळ धरून बघा, गंमत." वहिनींचा पहिला प्रश्न: "अगंबाई, शॉर्ट सर्किट आहे का?" साहजिक आहे, देवघरात तेवत असलेल्या गोष्टीबद्दल माणसाला आधी आगीची भीती वाटते. काकांनी सांगितलं, तसं काही नाही, अडॅप्टर हलका आहे एवढंच. दुसरा आणून देतो, माळ तीच ठेवा. तो दुसरा त्यांनी आधी घरी लावून, सेटवर ऐकून तपासलेला होता. प्रश्न मिटला. वर त्यांना आता घरोघरी 'चार्जर तपासून देणारे काका' म्हणून बोलावतात.

शेजाऱ्याशी बोलायचं तर तीन गोष्टी आधी तयार ठेवा: स्वतःचं घर तपासून झालेलं असावं, वेळांची नोंद असावी, आणि खर्च तुम्ही करणार हे ठरलेलं असावं. त्यांच्या वस्तू तुम्ही उघडायच्या नाहीत. उद्या ती वस्तू दुसऱ्याच कारणाने बिघडली तरी नाव तुमचंच येईल.

हा ट्रान्झिस्टर म्हणजे गरिबाचा डायरेक्शन फाइंडर आहे. मीडियम वेव्हवाला पाहिजे, आत फेराइटची कांडी असते. दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा लावा आणि रेडिओ सावकाश गोल फिरवा. कांडीचं टोक नॉइजकडे झालं की आवाज एकदम पडतो. हा पडण्याचा कोन मोठ्या आवाजाच्या कोनापेक्षा जास्त नेमका असतो, म्हणून तोच धरा. दोन वेगवेगळ्या जागांवरून रेषा काढल्या की छेदतात तिथे शोधायचं. फक्त विजेच्या तारेच्या अगदी खाली हे फसवतं, कारण तारच नॉइज वाहून नेते आणि रस्ताभर सगळीकडे सारखंच ऐकू येतं. तिथे वरची वारंवारता घ्या, एएम ऐकू शकणारा व्हीएचएफ रिसीव्हर. जितकी वारंवारता वर, तितकं ते लांबून ऐकू येत नाही. व्हीएचएफवरही कडक असेल तर तुम्ही खांबाच्या जवळच आहात.

लाइनच्या नॉइजसाठी एक फुकटची टेस्ट आहे जी पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याकडे जास्त मिळते: लाइट जाणं. लाइट गेली की धावत जाऊन सेट बॅटरीवर लावा, घरचा इन्व्हर्टर बंद करा. नॉइज गेली? मग ती याच फीडरवर आहे, घरात किंवा लाइनवर. आहे तशीच आहे? मग पलीकडच्या फीडरवर, जिथे लाइट आहे. गल्लीत कुठे अंधार आणि कुठे उजेड, हाच नकाशा.

हवामानही बघा. एप्रिल-मेमध्ये धूळ, कोरडी हवा, वारा. ढिल्या जोडातल्या ठिणग्यांचा हा सीझन. जोरदार पाऊस झाला आणि नॉइज गायब झाली तर लाइनवर संशय पक्का. पण पहिली भुरभुर आली तर उलट वाढूही शकते, कारण इन्सुलेटरवरची धूळ नुसती ओली होते, धुऊन निघत नाही, आणि त्या ओल्या थरातून करंट रांगतो.

खांब सापडला की काय करायचं? त्याला हात लावायचा नाही. जुन्या पुस्तकांत 'खांबाला हातोडा मारून बघा, आवाज बदलतो का' असं लिहिलेलं असतं. अजिबात नाही. आधीच ढिलं झालेलं काही खाली येऊ शकतं. लांबून फोटो, खांबाचा किंवा डीपीचा नंबर, वेळ, आणि १९१२ वर तक्रार. तक्रारीत 'रेडिओ इंटरफेरन्स' लिहिण्यापेक्षा 'इन्सुलेटरवर स्पार्किंग' लिहा, कारण मुळात दोष तोच आहे, आणि तो भाग आज ना उद्या तुटून लाइट घालवणार आहे.

हा सगळा उद्योग फक्त आपणच करतो असं समजू नका. महाराष्ट्रात हे काम सगळ्यात मोठ्या प्रमाणावर चालतं ते जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला. जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण. तिथे ऐकायचं असतं ते लाखो-कोटी प्रकाशवर्षं लांबून आलेलं, आणि तबकड्या पसरल्यात शेतं, गावं, पंप, मोबाइल टॉवर यांच्या मधोमध. जागा निवडतानाच आजूबाजूच्या डोंगरांची आड मिळेल आणि शहरापासून अंतर राहील हे बघितलेलं होतं. तरी कमी वारंवारतांवर विजेच्या लाइनवरच्या ठिणग्या ही त्यांची मोठी डोकेदुखी आहे. तिथलं पथक अँटेना घेऊन लाइनच्या कडेने फिरतं, दोषी खांब शोधतं आणि वीज कंपनीकडून दुरुस्त करून घेतं. म्हणजे मघाशी सांगितलं तेच.

त्याशिवाय ते एक गोष्ट करतात जी सॉफ्टवेअरवाला म्हणून मला फार आवडते. सिग्नल येत असतानाच सॉफ्टवेअर-हार्डवेअर मिळून बघतं की एखादा नमुना बाकीच्यांपेक्षा वेडावाकडा उंच आहे का, आणि तसा असेल तर तो टाकून देतं. 'बाकीच्यांपेक्षा' हे ठरवायला सरासरी नाही घेत, मध्यक, म्हणजे मीडियन घेतात, कारण एक मोठी ठिणगी सरासरीलाच वर ओढून नेते, मीडियनला नाही. तुमच्या सेटवर 'एनबी' नावाचं बटण आहे ना, नॉइज ब्लँकर, त्याचा स्वभाव असाच: छोट्या टोकदार ठिणग्या कापतो. म्हणून तो लाइनच्या बझवर आणि झटका मशीनवर छान चालतो, आणि चार्जरच्या सलग घोंघाटावर जवळजवळ काहीच करत नाही. एनबी दाबून आवाज कमी झाला की नाही, हीसुद्धा एक ओळख परेडच.

आता फेराइट. ऑनलाइन जे काळे क्लिपवाले मणी मिळतात ते एकदा वायरवर चिमटले की काम झालं असं वाटतं. ७ मेगाहर्ट्झला एका फेऱ्याचा मणी जवळजवळ शोभेचा. अडथळा वाढतो तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात: एकाऐवजी तीन फेरे घेतले तर साधारण नऊपट, दहा घेतले तर शंभरच्या आसपास. म्हणून मोठी रिंग घ्या आणि वायर तिच्यातून आठ-दहा वेळा फिरवा. मटेरियल बघून घ्या: एचएफसाठी मिक्स ३१ उत्तम, ४३ वरच्या बँडला बरं. भंगारातल्या टीव्हीमधली अनोळखी रिंग कधी चालते, कधी नाही, लावून सुई बघा. आणि फेराइट शक्य तेवढं गुन्हेगाराच्या अंगाशी लावा, मधली वायर रेडिएट करायला मोकळी सोडू नका.

शेवटचा भाग, आणि तो टाळता येणार नाही: आपण दुसऱ्याला त्रास देतोय का. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला ५० वॅट, जनरलला ४०० वॅटपर्यंत परवानगी आहे. दहा फुटांवर शेजाऱ्याची खिडकी असेल तर ५० वॅटही कमी नाहीत. तुम्ही बोललात की त्यांच्या होम थिएटरमधून बदकासारखा आवाज येतो, सीसीटीव्ही चमकतो, बेल वाजते. स्वतःच्या टेबलावरही होतं: एफटी८ पाठवताना माउस गोठतो, माइकचं धातूचं टोक ओठाला चुरचुरतं.

इथली टेस्ट म्हणजे डमी लोड. अँटेना काढून डमी लोड लावा आणि तेवढ्याच पॉवरवर ट्रान्समिट करा. त्रास थांबला तर तो अँटेनाकडून येत होता, हवेतून किंवा कोॲक्सच्या अंगावरून परत. चोक, अँटेनाची जागा, पॉवर, या क्रमाने बघा. डमी लोडवरही त्रास आहे, तर सेट, पॉवर सप्लाय किंवा त्यांच्यामधल्या वायरी तपासा. शेजाऱ्याच्या स्पीकरमध्ये येत असेल तर बहुतेक वेळा तुमच्या सिग्नलमध्ये दोष नसतो, त्यांची लांब स्पीकर वायर अँटेना झालेली असते. पण हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगू नका. त्यांच्या परवानगीने त्या वायरला एक रिंग घालून द्या, पॉवर १०० वरून २५ वर आणा, आणि तुमच्या लॉगबुकमधल्या वेळा त्यांच्या तक्रारीच्या वेळांशी जुळवून बघा. बऱ्याचदा तुम्ही त्या वेळी ऑफिसात होता हे निघतं.

आणि जर आवाज घरगुती नसेल, म्हणजे बँडमध्ये कुणीतरी बेकायदा बोलतंय, सलग कॅरियर सोडलाय, तर त्यासाठी दूरसंचार विभागाचीच वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे. गंमत म्हणजे त्यांचं उपग्रहांचे सिग्नल तपासणारं मोठं केंद्र आपल्या शेजारी जालन्याला आहे. तिथलं काम आकाशातलं, आपल्या माळेसाठी तिकडे जाऊ नका.

या आठवड्यात करून बघा: बॅटरी, मेन बंद, इन्व्हर्टर बंद, मिनी यूपीएस बंद. दोन आकडे मला पाठवा, आधीचा आणि नंतरचा, आणि गुन्हेगार कोण निघाला ते. आवाज रेकॉर्ड केला असेल तर एएम मोडमधला पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. त्याच भागात डायपोलचा चोक टेबलावर बसून गुंडाळू. रिंग आणि दोन मीटर कोॲक्स आणून ठेवा.

७३.